अमेरिकेत गरोदर बाईनं व्यसनावर उपचार घेतले तर बाळ काढून घेतात का?

धाकटीचीताई: माझी बहीण ओहायोत असते. पाठीच्या ऑपरेशननंतर दिलेल्या ओपिऑइड गोळ्या (अफूसारखी सवय लावणारी वेदनाशामकं) तिला अजून सुटलेल्या नाहीत, आणि आता सतरावा आठवडा चालू आहे. डॉक्टरांना सांगायला ती तयार नाही. म्हणते, पोलीस येतील, बाळ नेतील. त्यापेक्षा मीच गोळ्या बंद करते. कायदा तिच्या बाजूनं काहीच बोलत नाही का?

वैदेही: ताई, आधी तिला फोन करा. मनानं एकदम गोळ्या बंद करायच्या नाहीत! तो त्रास बाळालाही भोवू शकतो, आणि बऱ्याच जणी पुन्हा गोळ्यांकडे वळतात. गरोदरपणात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही व्यसनावरची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात, तेच योग्य.

मी इकडे व्यसनोपचार केंद्रात समुपदेशक आहे. ही भीती घेऊन आलेल्या बायका मी रोज बघते, म्हणून कळकळीनं लिहितेय. ओहायोच्या कायद्यात विसाव्या आठवड्याची अट आहे. तो संपायच्या आत तिनं उपचारांसाठी नाव नोंदवलं, उपचार पूर्ण केले किंवा चालू ठेवले, आणि गरोदरपणातल्या तपासण्या चुकवल्या नाहीत, तर केवळ तिनं गरोदर असताना अमली पदार्थ घेतले एवढ्यावरून बालकल्याण यंत्रणेला बाल न्यायालयात तक्रार करता येत नाही. दुसरं काही कारण असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे दिवस फार थोडे आहेत. नाव नोंदवल्याचा कागद, प्रत्येक भेटीची तारीख, सगळं जपून ठेवायला सांगा.

जागा नाही म्हणाले तरी परत फिरायचं नाही. केंद्र सरकारच्या व्यसनोपचार अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांना गरोदर बाईला आधी घ्यावं लागतं. कुठेच सोय होत नसेल तर ४८ तासांत तात्पुरती मदत मिळवून देणं राज्यावर बंधनकारक आहे.

धाकटीचीताई: आणि दवाखान्यातून पोलिसांना कळवलं तर?

दीपक_वकील: २००१ मध्ये फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्सटन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की सरकारी रुग्णालयानं पोलिसांसाठी पुरावा म्हणून गरोदर बाईची लघवी तिच्या संमतीशिवाय तपासणं घटनाबाह्य आहे. शिवाय व्यसनोपचार केंद्राच्या नोंदी तिच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या खास आदेशाशिवाय तिच्यावरच्या फौजदारी खटल्यात वापरता येत नाहीत. बालशोषणाची खबर देणं मात्र या गोपनीयतेत अडकत नाही.

राज्य बदललं की चित्र पालटतं. साउथ कॅरोलिना आणि अलाबामात अशा बायकांवर खटले झालेत. बाळंतपणापर्यंत तिनं ओहायोतच राहावं असं माझं मत, आणि तिथल्या वकिलाशी एकदा बोलून घ्यावं.

वैदेही: एक राहिलं. बाळाला जन्मानंतर औषधाची लक्षणं दिसली तर रुग्णालय बालकल्याण विभागाला कळवतं आणि बाळ-आईच्या काळजीची योजना आखतात. मेथाडोन डॉक्टरांनी दिलेलं असलं तरी हे होऊ शकतं. नुसत्या अशा कळवण्यानं आई दोषी ठरत नाही. हे तिला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे प्रसूतीच्या वेळी ती घाबरणार नाही.

धाकटीचीताई: बोलले तिच्याशी. उद्या सकाळी ती केंद्रात फोन करणार आहे, मी लाईनवर राहणार.