अंगोलन अजगर पाच आठवडे खात नाहीये, तातडीने मदत हवी आहे

फुसफुस:
माझ्याकडे अंगोलन अजगराची मादी आहे, मणी. पाच आठवडे उंदराला तोंड लावलेलं नाही. तापमान वगैरे सगळं नीट आहे. स्वभावाने इतकी गरीब की हातात घेतली की चेंडूसारखी गोळा होऊन बसते, आजवर एकदाही फुसकारली नाही (आयडी माझा आहे, तिचा नाही). आज उंदीर नाकासमोर धरला तर मान फिरवून पाण्याच्या भांड्याला टेकून बसली. हल्ली तिथेच असते. काय करू? "डॉक्टरला दाखवा" सोडून सांगा.

रानवाटा:
वय? वजन? उंदीर जिवंत देता की गोठवलेला? शेवटची कात कधी टाकली? आणि "सगळं नीट" म्हणजे किती अंश?

फुसफुस:
वय ३ वर्षं. गोठवलेला. कात दीड महिन्यापूर्वी, अखंड निघाली. ३१ अंश.

हिरवीकाठी:
काही करू नका. माझा बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) चार महिने उपाशी होता, नंतर एका रात्री जणू काही झालंच नाही असा जेवला. अंगोलन त्याचाच भाऊबंद.

रानवाटा:
तुमचा नर होता ना? नर विणीच्या काळात खाणं सोडतात, त्याचा इथे काय संबंध? उंटावरून शेळ्या हाकू नका.

हिरवीकाठी:
नर होता हे मी कुठे लिहिलंय? (होता, पण तरी.)

सांजवेळ:
उंदीर नुसता वितळवून देता का? वरच्या ओठावरच्या खाचांनी त्यांना ऊब कळते. गार उंदीर त्यांच्या लेखी दगड. पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, डोकं ३७-३८ अंशांपर्यंत आलं की चिमट्याने द्या. मायक्रोवेव्हमध्ये नको, एकदा केलंय, वर्णन करत नाही.

बिनधास्त:
एवढे सोपस्कार कशाला? जिवंत उंदीर सोडा आत, झक मारत खाईल.

सांजवेळ:
अजिबात नको! भूक नसलेल्या सापालाच उंदीर कुरतडतो. माझ्याकडच्या एकाच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढा व्रण आहे, प्रत्येक कात तिथेच अडकते.

जुनीपाने:
या सापाची गोष्ट मोठी रंजक आहे. पोर्तुगीज प्राणिशास्त्रज्ञ बोकाजे यांनी १८८७ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि अंगोलात नमुने गोळा करणाऱ्या आंशिएता यांचं नाव त्याला दिलं. दक्षिण अंगोला आणि उत्तर नामिबियातल्या कोरड्या, खडकाळ भागात राहतो. अंगोलात २००२ पर्यंत यादवी युद्ध, जमिनीत सुरुंग, त्यामुळे तिकडे साप शोधायला जाणार कोण? अंडीही थोडीच घालतो. म्हणून दुर्मीळ. डोक्यावरचे खवले मण्यांसारखे उठावदार असतात, नाव छान ठेवलंय.

फुसफुस:
धन्यवाद, पण ती खात का नाही?

पिंपळपान:
मुळात इतका दुर्मीळ जीव काचेच्या पेटीत कशाला?

फुसफुस:
बंदिवासातच जन्मलेली आहे, साइट्स (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ चे कागद आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा. उंदीर कोमट करूनच देतो. पुढे?

रानवाटा:
ते ३१ अंश कुठे मोजलेत? जमिनीवर, लपायच्या खोक्यात, की हवेत?

फुसफुस:
मीटर झाकणाला आतून चिकटवलाय. सगळे तिथेच लावतात.

रानवाटा:
सगळे नाही लावत. साप झाकणावर राहतो का? खाली उष्णतेची मॅट आहे ना, तिला तापमान आवरणारा थर्मोस्टॅट आहे?

फुसफुस:
जुन्या मॅटला होता. तो बिघडला म्हणून नवी मॅट थेट लावली.

रानवाटा:
कधी?

फुसफुस:
सहा आठवडे झाले असतील.

रानवाटा:
ताकाला जाऊन भांडं का लपवता हो! पहिल्याच ओळीत हे सांगायचं. पाण्यापाशी ती उगाच बसत नाहीये, उबदार खोकं तापलेला तवा झालं असणार. मॅट आत्ता बंद करा. पोटाखालच्या खवल्यांना भाजल्याची लाली आहे का बघा. असेल तर मात्र डॉक्टर, तुम्हाला आवडो न आवडो.

सांजवेळ:
+१. आणि हाताळता किती?

फुसफुस:
रोज तासभर. कोणी आलं की दाखवतोही, काहीच करत नाही बिचारी.

सांजवेळ:
गोळा होते, डोकं आत घेते, हेच ती करतेय. त्याला लाड समजू नका, घाबरलेली आहे. चावणारा साप लोक आपणहून खाली ठेवतात, हिला तासभर सुटका नाही. खायला लागेपर्यंत हात लावू नका.

बिनधास्त:
जिवंत उंदीर दिला असता तर एवढं रामायण झालं नसतं.

फुसफुस (चार दिवसांनी):
इन्फ्रारेड थर्मामीटरने खोक्यातली जमीन मोजली. ४४!! पोट स्वच्छ आहे, लाली नाही. थर्मोस्टॅट लावून ३२ वर ठेवलंय, गार बाजू २५. दुसऱ्याच रात्री ती भांडं सोडून खोक्यात गेली, दारातून शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं. वजन ११९० होतं, आता ११६० ग्रॅम. काल उंदीर दाखवला, घेतला नाही, पण या वेळी मान न फिरवता बराच वेळ जीभ काढून हुंगत होती.

रानवाटा:
वजन ठीक आहे. आठवडाभर दाखवूही नका. नंतर रात्री, दिवे मालवून.

हिरवीकाठी:
म्हणजे काही करू नका. मी काय म्हणत होतो?

नवाभिडू:
धागा आत्ताच पाहिला. वय आणि वजन किती आहे?