सोमालिया १९९२: धान्य बंदरात आलं, तरी माणसं का मेली?

पानगळ
सोमालियाच्या यादवीवर वाचतोय. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारेची राजवट कोसळली, नोव्हेंबरपासून राजधानी मोगादिशूत आयदीद आणि अली महदी या दोन प्रतिस्पर्धी सशस्त्र गटांच्या म्होरक्यांमध्ये तोफा सुरू झाल्या, पुढच्या वर्षी दुष्काळ. मदतीचं धान्य येत होतं, तरीही माणसं मरत होती. ते नेमकं कुठं अडत होतं? आणि ९ डिसेंबर १९९२ ला अमेरिकेच्या नेतृत्वाखाली सैन्य उतरलं, त्यानं किती जीव वाचले?

गलबत
आधी कोण मेलं ते बघा. सर्वांत जास्त माणसं गेली ती जुब्बा आणि शेबेले या दोन नद्यांमधल्या ज्वारीच्या पट्ट्यात, बैदोआ-बारडेराकडे. तिथल्या रहनवेन कुळांतल्या शेतकऱ्यांकडे लढणारी फौज नव्हती. बारेचं पळतं सैन्य आणि त्याच्या पाठलागावर आयदीदची माणसं याच मुलखातून गेली-आली. ज्वारी तिथं जमिनीतल्या पेवांत साठवतात. ती पेवं उपसली गेली, गुरं हाकून नेली, बियाणंही उरलं नाही. पाऊस कमी होताच, पण लूट झाली नसती तर इतका मोठा दुष्काळ पडला नसता.

आता वाहतुकीचा हिशोब. दिवसाला २,१०० कॅलरीच्या शिध्यात माणशी साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, थोडं सकस पीठ, साखर, मीठ, असं सगळं मिळून ५५० ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे १०,००० माणसांना महिन्याला सुमारे १६५ टन, १० टनी ट्रकच्या १७ फेऱ्या. देशात अन्न दुर्मीळ, त्यामुळे भाव चढलेले, आणि अशा वेळी तांदळानं भरलेला ट्रक म्हणजे चालती तिजोरी. बंदरावर शुल्क, गोदामाचं भाडं, ट्रकचं भाडं, पहारेकऱ्यांचा पगार, प्रत्येक नाक्यावर वाटा. हे सगळं ज्यांच्या हाती जायचं त्यांच्याच हाती बंदुका होत्या. मदतीच्या पैशातून लढाई पोसली जात होती, आणि मदत थांबवली तर आधी शेतकरी मरणार होता.

रेड क्रॉसनं यातून काढलेली वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कोरडा शिधा वाटण्याऐवजी त्यांनी अन्नछत्रं उघडली, १९९२ मध्ये अशी ९०० हून अधिक, आणि त्यांत दहा लाखांवर माणसं जेवत होती. शिजलेला भात लुटून कोण विकणार? शिवाय माल एकाच बंदरात न आणता अनेक लहान बंदरांत आणि किनाऱ्यांवर थोडा-थोडा उतरवला. एक जागा अडली तरी बाकीच्या चालू. दुसरा उपाय होता धान्य व्यापाऱ्यांना विकून बाजारात ओतायचा, म्हणजे भाव पडतो आणि लुटीत राम उरत नाही.

औदुंबर
गलबत यांचं बरोबर आहे, पण अन्नछत्रांचीही किंमत मोजावी लागली. गावोगावची माणसं एका जागी गोळा होतात, पाणी कमी, शौचाची सोय नाही. बैदोआच्या विस्थापितांच्या छावण्यांत झालेल्या पाहणीत एप्रिल ते नोव्हेंबर १९९२ या काळात पाच वर्षांखालची जवळपास तीन चतुर्थांश मुलं दगावल्याचं दिसलं. मुख्य कारणं गोवर आणि हगवण. उपाशी मूल गोवरात टिकत नाही.

म्हणून छावणी उभी राहताच पहिलं काम गोवराची लस, सहा महिन्यांपासून पुढच्या सगळ्या मुलांना. पूर्वी टोचली आहे का, हे विचारत बसायचं नाही. सोबत अ जीवनसत्त्व: सहा महिने ते वर्षाच्या मुलांना एक लाख एकक, वर्षावरच्या लहान मुलांना दोन लाख. पाणी माणशी रोज १५ लिटर. दर दहा हजारांमागे रोज एकाहून जास्त मृत्यू होऊ लागले की ती आणीबाणी, आणि हा आकडा कळण्यासाठी रोज ताज्या कबरी मोजणारा माणूस नेमावा लागतो. धान्याच्या पावत्या सगळे ठेवतात, ही मोजणी राहून जाते.

अतिकुपोषित मुलाला एकदम पोटभर दिलं तर हृदयावर ताण येऊन ते दगावतं. पहिले काही दिवस पातळ दूध, १०० मिलीला ७५ कॅलरी, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. लोह लगेच नाही. रात्रीची पाळी हटकून चुकते, कारण अंधार पडला की संचारबंदीमुळे परिचारिका येऊ शकत नाहीत, आणि मुलं पहाटे जातात.

कंदील
सैन्याबद्दल. आधीचे ५०० पाकिस्तानी शांतिसैनिक सप्टेंबरमध्ये आले, पण विमानतळावरच अडकून पडले. डिसेंबरची फौज शिखरावर ३७,००० च्या घरात होती. रस्ते खुले झाले, हे निर्विवाद. पण मृत्यूंची मोठी लाट तोवर ओसरत आली होती. रेफ्युजी पॉलिसी ग्रुपच्या १९९४ च्या अभ्यासात दुष्काळाचे बळी दोन लाखांवर धरले आहेत, आणि सैन्य उतरल्यानंतर वाचलेले १० ते २५ हजार. हे थोडे नव्हेत. मात्र तीच फौज जून १९९२ मध्येच आली असती तर हिशोब फार वेगळा झाला असता.

मे १९९३ मध्ये सूत्रं संयुक्त राष्ट्रांकडे गेली आणि कामच बदललं. ५ जूनला आयदीदच्या शस्त्रसाठ्यांच्या तपासणीवरून भडका उडाला, २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले. त्यांतले काही शिधावाटपाच्या जागी पहाऱ्यावर होते. मग आयदीदला पकडण्याची मोहीम. १२ जुलैला हेलिकॉप्टरांनी एका घरावर क्षेपणास्त्रं डागली, तिथं आयदीदच्या कुळातली वडीलधारी मंडळी बैठकीला जमली होती. रेड क्रॉसनं ५४ मृत सांगितले, संयुक्त राष्ट्रांनी २०. संतापलेल्या जमावानं चार पत्रकारांना ठार केलं. ३ ऑक्टोबरच्या लढाईत १८ अमेरिकी सैनिक गेले, सोमाली शेकड्यांनी. ते १८ जगाला पाठ आहेत. त्या शेकड्यांची नीट यादीही झाली नाही.

याचे पडसाद पुढच्या वर्षी उमटले. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात कत्तल चालू असताना सोमालियाचा धसका घेतलेल्या सुरक्षा परिषदेनं तिथलं संयुक्त राष्ट्रांचं शांतिदल वाढवण्याऐवजी २७० वर आणायचं ठरवलं.

पानगळ
मग मदतसंस्थांनी सशस्त्र पहारेकरी घ्यायलाच नको होते का? रेड क्रॉसनंही घेतले होते ना?

गलबत
घेतले, आणि ती त्यांच्या रिवाजात मोडणारी गोष्ट नव्हती. पर्याय फारसा नव्हता. पहारेकरी नेमण्यापेक्षा काढताना जास्त जीव धोक्यात येतो, कारण काढलेला माणूस बंदूक घेऊनच दारात उभा राहतो. म्हणून माणसं थेट नेमायची नाहीत, कुळाच्या वडीलधाऱ्यांशी करार करायचा, मुदत आणि शेवटची रक्कम आधीच ठरवायची. ट्रक ज्या मुलखातून जाणार तिथल्याच मालकाचा घ्यायचा, भाड्याचा मोठा हिस्सा माल उतरल्यावर द्यायचा. आणि लाभार्थ्यांची यादी एकट्या मुखियाकडून घ्यायची नाही, बायकांना स्वतंत्र विचारून ताडून बघायची. रहनवेन आणि नदीकाठचे बांटू शेतकरी अशा याद्यांतून सर्वांत आधी गळायचे.