उत्तर: डीव्हीडीचा व्हिडिओ बिटरेट ९.८ ठेवूनही इशारा का येतो?

व्हिडिओ ९.८ एमबीपीएसच्या (मेगाबिट प्रति सेकंद) आत असूनही ऑथरिंग करताना, म्हणजे फाइल्सपासून डीव्हीडी तयार करताना, बिटरेटचा (दर सेकंदाला लागणाऱ्या डेटाचा) इशारा येतो, याचं कारण बहुधा तुमच्या ऑडिओत आहे. ९.८ ही फक्त व्हिडिओची कमाल मर्यादा. व्हिडिओ, ऑडिओ, सबटायटल सगळं मिळून १०.०८ च्या वर जाता येत नाही. तुमचा ऑडिओ पीसीएम (कॉम्प्रेस न केलेला) स्टिरिओ आहे, म्हणजे तोच १.५ एमबीपीएस खातो! तो डॉल्बी डिजिटल या कॉम्प्रेस केलेल्या प्रकारात २५६ केबीपीएसला (किलोबिट प्रति सेकंद) करा.

आणि कृपा करून इशारा दाबून डिस्क बर्न करू नका. कॉम्प्युटरवर ती सुरळीत चालेल, पण जुन्या प्लेअरवर नेमकी धावपळीच्या दृश्यात अडखळेल. घरी बर्न केलेल्या डिस्कला मी व्हिडिओ कमाल ८ एमबीपीएसच ठेवतो. दीड तासाच्या कार्यक्रमाला सरासरी ६, टू-पास व्हीबीआर (दृश्यानुसार बदलणारा बिटरेट, दोन फेऱ्यांत एन्कोड केलेला). ४.७ जीबीत आरामात बसतं.