दर वर्षी त्याच महिन्यांत गळणारं नाक : मुलांच्या ॲलर्जीचे अनुभव

पहिली दोन वर्षं लेकीला सारखी सर्दी होते असंच आम्ही धरून चाललो होतो. पण ताप कधीच नसायचा, नाकातून येणारं पाणी शेवटपर्यंत पातळच, आणि आठ-दहा दिवसांत जाणारी सर्दी महिनाभर हटायची नाही. तळहाताने नाक खालून वर चोळायची सवय तर आम्हाला लाडिक वाटायची. त्या चोळण्यानेच नाकावर आडवी रेघ पडली होती, हे डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा कळलं. तुमच्याकडे कसं लक्षात आलं? कशाने आराम पडला? अगदी बारीकसारीकही लिहा.

*

आमचं घोडं नाकातल्या स्प्रेपाशी अडलं होतं. स्टिरॉइड म्हटल्यावर मी घाबरले आणि चौथ्या दिवशी तो बंद केला. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय लेकाचा घोळणा फुटायचा. मग नर्सताईंनी शिकवलं : मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, आणि फवारा मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या, कानाच्या बाजूला. घोळणा फुटणं थांबलं. आता त्याचा त्रासाचा काळ सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीच डॉक्टरांना विचारून स्प्रे सुरू करतो. दर भेटीत ते त्याची उंची मोजतात, त्यामुळे स्टिरॉइडने वाढ खुंटेल ही माझी धास्तीही गेली.

*

खेळून आला की आधी आंघोळ, केसांवरून. परागकण केसांत बसून उशीवर उतरतात. रात्रीच्या शिंका निम्म्यावर आल्या.

*

मुलगा वर्गात पेंगतो अशी तक्रार आली आणि मी त्याला रागावलो. त्याचं अजून वाईट वाटतं. ॲलर्जीसाठी रोज दिलं जाणारं क्लोरफेनिरामाइनचं सिरप त्याला झोप आणत होतं. डॉक्टरांनी त्याऐवजी कमी झोप आणणारं लोराटाडिन दिलं आणि आठवड्याभरात पोरगं ताजंतवानं झालं.

*

मोंटेलुकास्ट हे ॲलर्जीचं औषध चालू असेल तर मुलाच्या वागण्याकडे लक्ष ठेवा, ही कळकळीची विनंती. आमची मुलगी रात्री किंचाळून उठायची, दिवसा चिडचिड. शाळा बदलल्यामुळे असेल असं वाटलं. या औषधाने स्वभावात आणि झोपेत बिघाड होऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे. डॉक्टरांना सांगून ते थांबवलं आणि तिला शांत झोप लागू लागली. सगळ्यांना असं होत नाही, पण माहीत असायला हवं.

*

आम्हाला इम्युनोथेरपी सुचवली आहे, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे तेच थोडंथोडं देऊन शरीराला त्याची सवय लावायची, तीन ते पाच वर्षं. मुलगा सात वर्षांचा आहे, सुई दिसली तरी थरथरतो. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांवर कुणाचं मूल आहे का? रोज न चुकता कसं जमवता?