पांदण (वावरात जायची कच्ची वाट) आन् मेळघाटाकडच्या कच्च्या रस्त्यासाठी टूल किट, इमर्जन्सी सामान काय काय ठेवू? (बजेट २५००)

दर्यापूरचा_पोट्टा:
राम राम मंडळी. सेकंड हँड हिरोची एक्सपल्स २०० बाइक घेतली, बीएस फोर, कार्बोरेटरवाली. आतालोक गावाच्या पांदणीनंच फिरवून रायलो, पण दिवाळीनंतर तिघं जण अंजनगाव, परतवाडा करत चिखलदरा आन् तिथून सेमाडोहकडं जायचा विचार हाय, मधात गावाचे कच्चे रस्ते भेटतीन तसे. एकाजवळ हिमालयन ४११, एकाजवळ स्प्लेंडर. सोबत काय काय ठेवू ते सांगा. बजेट २५००, त्याच्यावर एक रुपया नाही, कापूस अजून घरातच हाय. पंक्चर मले काढता येत नाही हे आधीच सांगून ठेवतो. गाडीच्या टूलकिटात दोन पाने आन् एक पेचकस उरला, प्लग पाना पयल्या मालकानंच ठेवून घेतला वाटते.

खारपाण_रायडर:
भाऊ आपल्या भागात पंक्चर नंतर, पयले माती. पाऊस पडून गेला आन् वरून वाळल्यासारखी दिसली का आपण गाडी घालतो, शंभर मीटरात टायर आन् मडगार्डच्या मधात गच्च भरते, चाक जागचं हालत नाही आन् क्लच जळल्याचा वास येते. रेस देऊन काही होत नाही. घरचं छोटं खुरपं पिशवीत टाकजो, मूठ तोडून आखूड केलेलं. काडीनं ती माती निंघत नाही, बोटानं तर नाहीच. पुढचं खालचं मडगार्ड काढून ठेवलं तर अजून चांगलं, पण मंग चिखल तोंडावर येते हे लक्षात ठेवजो. खुरपं फुकट हाय म्हणून कोणी सांगत नाही, सगळे दुकानाच्याच वस्तू सांगतीन पाहजो.

लडाख_रिटर्न_नागपूर:
मित्रा बजेट थोडं वाढव, सेफ्टीत कॉम्प्रोमाइज करायचं नसतं. माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमचे दोन पॅनिअर, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, जंप स्टार्टर, टॉर्क रेंच आणि वॉटरप्रूफ मेडिकल पाऊच आहे, सगळं मिळून बावीस हजारात बसलं. खारदुंग ला ला एका पुणेकराची गाडी बंद पडली होती, माझ्या जंप स्टार्टरवर चालू झाली. एकदाच घे पण चांगलं घे.

वावरातला_इंजिनिअर:
बावीस हजार 😂 ना भाऊ, पोट्टा चिखलदऱ्याले चालला, चंद्रावर नाही. आन् पॅनिअर लावून गाडी पांदणीत घातली तर दोन्हीकडच्या बाभळी धरून ठेवतीन त्याले.

लडाख_रिटर्न_नागपूर:
अनुभव नसलेल्यांनी हसू नये एवढंच म्हणतो.

गॅरेजवाला_मामा:
मी परतवाड्याच्या बाजूचा, गाड्याच खोलतो दिवसभर, तर नीट वाच. एक्सपल्सले आऱ्याचे चाकं हायत, ट्यूबवाले, पुढं २१ इंची आन् मागं १८. एकच ट्यूब ठेवाची असन तर २१ ची ठेव. अडल्या वेळी ते मागच्या १८ च्या टायरात कोंबून गावालोक येता येते, १८ ची पुढं ताणून बसत नाही. हिमालयनचं पुढचं चाक बी २१ च हाय, म्हणजे दोघायले एकच ट्यूब पुरते. दोन टायर लिव्हर, तीन असतीन तर हात दुखत नाही. सोलुशनची ट्यूब नवीन घे, एकदा उघडलेली महिन्यात वाळून जाते आन् उन्हाळ्यात डिक्कीत तर बंद असली तरी भरोसा नाही. सगळ्यात मोठी गोष्ट, एक्सलचा नट कोणत्या साइजचा ते घरीच पाहून त्याचा रिंग पाना सोबत घे. लोकं ट्यूब आणतात, पंप आणतात आन् चाकच खोलता येत नाही. घरी एक डाव मागचं चाक खोलून, ट्यूब काढून परत बसवून पाय. टायर चढवताना वालच्या (हवा भराच्या व्हॉल्वच्या) समोरची बाजू पायानं रिमच्या मधातल्या खोलात दाबून ठेव आन् वालजवळ शेवटी ये, नाहीतर लिव्हरनं नवीन ट्यूब चिमटतं आन् दुसरं पंक्चर आपणच करतो. आन् काटा पायल्याशिवाय ट्यूब घालू नको. टायरच्या आतून फडकं फिरव, जिथं अडकन तिथं काटा. बोट फिरवशीन तर बाभळीचा काटा नखात जाईन.

ट्यूबलेस_झिंदाबाद:
एवढं कायले करता? दोनशे रुपयाचं ट्यूबलेसचं किट घ्या, भोकात रबराची वळी खुपसा, हवा भरा, पाच मिनिटात काम. मी माह्या गाडीचं असंच काढतो, चाक खोलतच नाही.

गॅरेजवाला_मामा:
वर लिहिलं ना ट्यूबवाली गाडी हाय म्हणून. ट्यूबमधी वळी कोठी खुपसशीन?

ट्यूबलेस_झिंदाबाद:
मंग ट्यूबलेस रिम टाकून घ्या ना. किंवा ट्यूबात सीलंट टाका, काटा गेला तरी हवा जात नाही.

वावरातला_इंजिनिअर:
सीलंटचं खरं हाय, बारीक काट्याले चालते. पण ट्यूब फाटलं तर ते पाणी सगळीकडं लागते आन् मंग चकती चिकटत नाही, पंक्चरवाला शिव्या देते ते अलग.

स्प्लेंडर_जिंदगी:
तुमच्या एवढ्या चर्चेत आमचा दूधवाला धामणगावाले दोन चकरा मारून आला. त्याच स्प्लेंडरवर, त्याच पांदणीनं, चार कॅन बांधून. टूलकिट म्हणजे एक पक्कड आन् बाइंडिंग तार. तुमच्यातला जो स्प्लेंडरवर येऊन रायला ना, तोच तुमाले ओढून आणन पाहजा. आन् सिंगल सीटवर कॅरिअर बसवलेली कोणाजवळ विकायची असन तर सांगा.

खारपाण_रायडर:
तार मीबी ठेवतो. तार, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, पाच-सात केबल टाय. सायलेन्सर सैल झाला, इंडिकेटर लोंबला, बुटाचा तळवा निंघाला, सगळं याच्यातच होते. आन् खुरपं.

ग्रामीण_सिस्टर:
कोणी फर्स्ट एडचं बोलतच नाही म्हणून लिहिते, गाडीचं तुम्ही पाहून घ्या. दुकानातली तयार लाल पेटी घेऊ नका, त्यात बारक्या पट्ट्याच जास्त असतात. रुंद क्रेप बँडेज दोन, स्वच्छ गॉजची पाकिटं, चिकटपट्टी, कात्री, एक मोठा सुती रुमाल हात गळ्यात अडकवायला, ओआरएसची चार-पाच पाकिटं आणि पॅरासिटामॉल. तीनशेच्या आत होतं. ओआरएस एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकून पिऊ नका. जखमेतून रक्त येत असेल तर कापडानं दाबून धरा आणि दाबूनच ठेवा, दर मिनिटाला उचलून बघू नका. पडलेल्याची मान दुखत असेल किंवा तो नीट बोलत नसेल तर त्याला हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, फक्त श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून मान धरून काढायचं. १०८ ला फोन करा, नाही लागला तर ११२. साप चावला तर दोर आवळायचा नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं, बूट काढा, तो हात किंवा पाय काडी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या.

जुना_जाणता:
ताई आमच्या गावाजवळ एक बुवा हाय, पान (साप) चावलेले कितीक उठवले त्यानं. दवाखाना पन्नास किलोमीटर, तोवर माणूस राहीन का?

ग्रामीण_सिस्टर:
बिनविषारी साप चावलेला माणूस कोणीही "उठवतो". विषारी सापसुद्धा काही वेळा विष न सोडता चावतो, तोही बुवाच्याच खात्यात जमा. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, सुजत नाही, पहाटे पापण्या पडायला लागतात आणि तेव्हा घेऊन येतात आमच्याकडे. पन्नास किलोमीटर असेल तर तेवढ्यासाठीच बुवाकडे वेळ घालवू नका.

जुना_जाणता:
तुमचं शिक्षण तुमच्याजवळ, आमचा अनुभव आमच्याजवळ.

सिपना_काठचा:
धारणी तालुक्यातून लिहून रायलो. काही गोष्टी कोणी सांगितल्या नाही. पयली, मेळघाट व्याघ्र प्रकल्प हाय, देशातल्या पयल्या नऊपैकी एक, आपल्या वावराची पांदण नाही. अभयारण्यात सार्वजनिक रस्ता सोडून गाडी घातली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसते, मंग टूलकिट नाही वकील लागते. कच्च्यात चालवाची हौस परतवाड्याच्या अल्याड भागवा, जंगलात डांबरी सोडू नका. नाक्यावर वेळ विचारून घ्या, अंधार पडू देऊ नका. दुसरी, मोबाइलले रेंज मधात मधात गायबच असते, नकाशा घरूनच डाउनलोड करा आन् घरी सांगून ठेवा का अमक्या वेळेलोक फोन नाही आला तर कोणाले फोन लावाचा. वन विभागाचा १९२६ लिहून ठेवा. तिसरी, परतवाड्यात टाकी फुल करा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेऊ नका, उन्हानं फुगते. आन् चिखलदऱ्याच्या कड्याले आग्या मोहोळ असतात, तिथं सिगारेट, धूर, सेंट काहीच नाही. उठल्या तर तोंड झाकून पळा, हात हालवत उभं राहू नका.

वावरातला_इंजिनिअर:
रपट्यावर (नाल्यावरच्या बसक्या पुलावर) पाणी असलं तर?

सिपना_काठचा:
पयले चालत जाऊन पाय. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असलं तर चहा पी आन् वापस फिर.

गॅरेजवाला_मामा:
पाण्यात बंद पडली तर बटन मारू नको, हे मोठ्यानं लिहून ठेव. इंजिनात पाणी असलं आन् स्टार्टर दिला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकते. ढकलून काहाड, एअर फिल्टर पाय, प्लग काहाडून मंग बटन मार, पाणी भोकातून उडते, प्लग पुसून लाव. म्हणून प्लग पाना पायजेच, तोच तुह्याजवळ नाही.

दर्यापूरचा_पोट्टा:
मामा लय उपकार. चेनचं आन् केबलचं काय करू? आन् सायकलचा हातपंप घरी हाय, चालन का?

गॅरेजवाला_मामा:
सायकलचा वाल अलग, गाडीचा अलग, पंपाचं तोंड गाडीच्या वालवर बसते का ते पाय, नाही बसलं तर पायपंप घे. चेनच्या कडीवर नंबर कोरलेला असते, त्याच नंबरची लॉक कडी एक घे. लावताना लॉकचं बंद तोंड चेन ज्या बाजूले पळते तिकडं, उघडं तोंड मागं. क्लच केबल नवीन घेऊन आताच गाडीत टाक आन् जुनी चालू हाय ते पिशवीत ठेव, म्हणजे ते बसते हे माहीत असते. क्लच आन् ब्रेकच्या लिव्हरचे बोल्ट एकदम आवळू नको, गाडी पडली का लिव्हर फिरली पायजे, तुटली नाही पायजे. एमसील ठेव, इंजिनचं कव्हर दगडानं फुटलं तर ऑइल पुसून लाव, घरी येते गाडी. दोन फ्यूज. आन् ते छेचाळीस पीसवाले गोटी (सॉकेट) सेट मिळतात ना डब्यात, ते घेऊ नको, वजन हाय नुसतं.

लडाख_रिटर्न_नागपूर:
कॉम्प्रेसर घे, पायपंपानं टायर भरायला जीव जातो. टायरमध्ये हवा कमी करून चालव ऑफरोडला, मी १५ पीएसआयवर चालवतो.

गॅरेजवाला_मामा:
ट्यूबवाल्या गाडीत १५ वर दगडात गेला का रिम आन् दगडाच्या मधात ट्यूब चेंबते, दोन भोकं पडतात. २० च्या खाली नेऊ नको रे पोट्ट्या.

खारपाण_रायडर:
खुरप्याचं कोणी काही बोललं नाही.

दर्यापूरचा_पोट्टा:
सगळ्यायले धन्यवाद, काल अमरावतीले जाऊन सामान घेतलं. सिस्टरताईनं सांगितलेलं सगळं घेतलं, २८० झाले. पायपंप, दोन लिव्हर, लॉक कडी, एमसील, केबल टाय. ट्यूब घेतलं नाही, हिमालयनवाला २१ चं आणून रायला. मामा रागावू नका, छेचाळीस पीसचा गोटी सेट पण घेतला, डब्बा लय भारी हाय आन् प्रत्येक गोटीले आपली जागा हाय त्याच्यात. ऑफरमधी होता. आता चाळीस रुपये उरले. खुरपं हाय घरी.

गॅरेजवाला_मामा:
त्याच्यात मोठ्यात मोठी गोटी कितीची हाय?

दर्यापूरचा_पोट्टा:
१४.

गॅरेजवाला_मामा:
मंग एक्सलचा नट दातानं खोलशीन का बे? आन् प्लग पाना?

दर्यापूरचा_पोट्टा:
प्लग पाना चाळीस रुपयात भेटते का ते पाहतो. एक्सलले घरी बाबाचा ट्रॅक्टरचा पाना हाय, आताच लावून पाह्यला, बसते. कोपरापर्यंत लांब हाय, पण स्प्लेंडरवाल्याच्या सीटले बांधून देऊ.

स्प्लेंडर_जिंदगी:
म्हटलं होतं ना. बरं ट्रॅक्टर कोणता हाय बाबाजवळ? रोटाव्हेटर भाड्यानं देता का?