राइडिंग मोवरचा डेक थरथरतोय, अख्खा डेकच बदलायला हवा का?

खानापूर_मैदान

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका निवासी शाळेच्या मैदानाची देखभाल माझ्याकडे आहे. गवत कापायचं बसून चालवायचं मशीन शाळेला देणगीत मिळालंय. ४२ इंची डेक, म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं आवरण, खाली दोन पाती. मॅन्युअल नाही, मॉडेलचं स्टिकर उन्हापावसात पुसलं गेलंय.

मशीन नुसतं फिरवलं तर काही त्रास नाही. पाती जोडायचा लिव्हर ओढला की थरथर थेट सीटपर्यंत येते आणि उजवीकडनं घर्रर्र आवाज यायलाय. कापून झाल्यावर दोन पात्यांच्या मधली बोटभर पट्टी तशीच उभी राहते. डावीकडं गवत उंच राहतंय, उजवीकडं पातं मातीला लागतंय. मागच्या पावसाळ्यात बेल्ट तुटला, तेव्हापासून पिठाच्या गिरणीचा बेल्ट लावलेला आहे, त्याला जळका वास येतो. डेकचा पत्रा गवत बाहेर पडायच्या तोंडाशी गंजून चाळणीसारखा झालाय.

सर्व्हिसवाल्यानं फोटो बघून सांगितलं, डेकच बदला. तेवढे पैसे शाळेकडं नाहीत. जून लागला की आमच्याकडं गवत हटत नाही, आणि पोरांना खेळायला दुसरी जागा नाही. आधी काय तपासू?

उद्यमबाग_लेथ

डेक बदलू नका. फोटोवरनं डेक बाद ठरवता येत नाही, तो हातानं फिरवून बघावा लागतो. मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलंय आणि पावसाच्या तोंडाशी अशी मशिनं आमच्या शेडमध्ये येतात. बहुतेकांत दुखणं स्पिंडलमध्ये असतं. स्पिंडल म्हणजे पातं ज्याच्यावर फिरतं तो शाफ्ट, त्याची दोन बेअरिंगं आणि त्यांना धरणारं ॲल्युमिनियमचं घर.

हात घालायच्या आधी किल्ली काढून खिशात टाका, प्लगची वायर ओढून बाजूला ठेवा, हँडब्रेक लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या मशीनखाली जाऊ नका, लाकडाचे ठोकळे लावा. खरं तर डेक बाहेरच काढा. पिना आणि बेल्ट सोडला की तो बाजूनं सरकतो, दोन माणसं पुरतात. उलटा करून खरवडून घ्या, आणि मग बेल्ट नसतानाच दोन्ही पाती हातमोजे घालून फिरवा. चांगला स्पिंडल गुळगुळीत आणि मुका फिरतो. वाळू चावल्यासारखं हाताला लागलं तर बेअरिंग गेलंय. पात्याची दोन टोकं धरून वरखाली हलवा, तिथं खेळ असता कामा नये.

आता थरथर. तुमच्या भागात जांभ्याचे खडे मातीतनं वर येतात, पातं त्यावर आपटलं की वाकतं, कधी शाफ्टच वाकतो. ओळखायचं असं: डेकच्या काठावर एका जागी खडूची खूण करा. पात्याचं एक टोक तिथं आणून काठापासूनचं उभं अंतर मोजा, मग अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक तिथंच आणून मोजा. तीन मिलिमीटरच्या वर फरक आला तर काहीतरी वाकलंय. मग डावीकडचं पातं काढून उजवीकडं लावा आणि पुन्हा मोजा. फरक गेला तर दोष पात्याचा, राहिला तर शाफ्टचा. वाकलेलं पातं ठोकून सरळ करायचं नाही, ते टाकून द्यायचं. पात्याच्या टोकाच्या वेगाला अमेरिकी मानकात मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे, म्हणजे ताशी साधारण ३४७ किलोमीटर. ठोकलेल्या लोखंडात बारीक चीर राहिली आणि त्या वेगात तुकडा उडाला तर मैदानात पोरं असतात, हे विसरू नका. त्याच कारणानं गवत बाहेर फेकायच्या तोंडावरची झडप कधीही काढून ठेवू नका.

पात्याच्या बोल्टला इंची पाना लागतो. पुष्कळ मशिनांवर तो १५/१६ चा असतो, तिथं आपला २४ चा नीट बसतो. पातं फिरू नये म्हणून डेकच्या आत लाकूड आडवं घाला. पातं परत लावताना त्याचे वळवलेले पंख डेकच्या बाजूला, म्हणजे वर.

बेअरिंग गेलं असेल तर अख्खा स्पिंडल घ्यायची गरज नाही. बेअरिंगवरच नंबर कोरलेला असतो. ६२०३, ६२०४, ६२०५ यांतलाच बहुधा निघतो आणि हे पंपात, मोटरीत सगळीकडं लागतात. रबरी सील दोन्ही बाजूंना असलेलं टू-आरएस घ्या. पत्र्याच्या झाकणाचं झेड-झेड इथं नको, गवताचं पाणी आत जातं. स्पिंडलवर ग्रीस निप्पल असेल तर बेअरिंगचं फक्त आतल्या बाजूचं सील काढून टाका, नाहीतर गनमधलं ग्रीस बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. बाहेरचं सील राहू द्या.

बसवताना ॲल्युमिनियमचं घर गरम हवेनं थोडं तापवा, बेअरिंग मुकाट्यानं उतरतं. घरात ढकलताना जोर बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर. उलटं केलं तर गोळ्यांवर मार बसतो आणि नवं बेअरिंग महिन्याभरात ओरडायला लागतं. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, स्पेसर. ती कचऱ्यात गेली की वरचं नट आवळलं की दोन्ही बेअरिंगं एकमेकांकडं दाबली जातात. स्पिंडल हातानं जड फिरायला लागला तर आधी ती नळी आहे का बघा.

आणि गिरणीचा बेल्ट आजच काढा. बेअरिंग गावात मिळतं तसा बेल्टही गावातला चालेल, असं सगळे धरून चालतात, तिथंच फसगत होते. गिरणीचा बेल्ट कायम ताणलेला राहून फिरायला बनवलेला आहे. मोवरचा बेल्ट पाती जोडताना आधी घसरतो, मग पकडतो, आणि एक सपाट पुली त्याच्या पाठीवर दाबून धरते. त्यासाठी आत ॲरामिड दोरा (ताण आणि उष्णता सोसणारा कृत्रिम धागा) आणि वर वेगळं कापड लागतं. साधा बेल्ट तिथं तापतो, ताणला जातो, पाती हळू फिरतात आणि मधलं गवत न कापता वाकून परत उभं राहतं. तुमची मधली पट्टी मला तरी याचीच वाटते. स्टिकर नसलं तरी जुन्या बेल्टवर नंबर दिसतो का बघा, नाहीतर पुलींच्या मार्गानं दोरी फिरवून लांबी घ्या आणि मोवरसाठीचाच मागवा. पैसे वाचवायचे तर बेअरिंगवर वाचवा, बेल्टवर नाही. ती सपाट पुलीही फिरवून बघा, तिच्यातही बेअरिंग असतं.

निपाणी_शेतवाडी

लेथकाकांचं पटलं. आमच्याकडं काळी माती, दगड नाहीत, पण ओलं गवत आणि चिखल मिळून डेकखाली असा थर बसतो की पात्याला फिरायला जागा उरत नाही. मी डेकच्या नळाला पाइप जोडून पाणी सोडतो, वर गाडी धुवायच्या प्रेशर पंपानं मारतो. स्वच्छ निघतं. त्यात काही वावगं आहे का? आणि आतनं जळकं ऑइल फासलं तर गंज थांबतो असं इथले लोक सांगतात.

उद्यमबाग_लेथ

प्रेशर पंप बंद करा ओ. ती धार सीलच्या ओठातनं पाणी थेट बेअरिंगमध्ये घालते. पाइपचं साधं पाणी चालतं, पण धुतल्यावर पाती दोनपाच मिनिटं फिरवून कोरडी करायची, ओला डेक झाकून ठेवायचा नाही. माझं मत विचाराल तर पाण्यापेक्षा लाकडी किंवा प्लास्टिकची खरवडणी बरी. गवत सुकायच्या आत, त्याच दिवशी. साचलेलं गवत आंबतं, त्याचं आम्ल रंग सोडवतं आणि पत्रा तिथनंच खातं.

जळकं ऑइल नको. त्यावर माती जास्तच चिकटते आणि ते पावसाच्या पाण्याबरोबर मैदानात, पुढं विहिरीत उतरतं. पत्रा घासून उघडा करा, रेड ऑक्साइडचा हात द्या, नीट वाळू द्या, वर एनॅमलचे दोन हात. दर वर्षी वैशाखात हे केलं तर पत्रा टिकतो.

खानापूरकरांच्या डेकला ठिगळ लावता येईल. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, मूळ जाडीचाच साधा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा घ्या. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा वेल्ड करू नका, जस्ताचा धूर छातीत जातो. ठिगळ वरनं लावा म्हणजे आतनं गवत वाहायला अडथळा राहत नाही, आणि सलग शिवण न मारता थोडं थोडं अंतर सोडून टाके घ्या, नाहीतर पत्रा वाकतो. अर्थिंगचा चिमटा टाक्याजवळच, डेकवर. डेक मशीनला जोडलेला ठेवून वेल्डिंग करायचं नाही, करंट बेअरिंगमधनं आणि बॅटरीकडं जातो. मात्र स्पिंडल ज्या पत्र्यावर बसतो तिथंच चिरा असतील तर मला फोटो टाका. तिथं नुसतं ठिगळ पुरत नाही, खालनं जाड गोल प्लेट द्यावी लागते आणि ती सपाट बसली नाही तर दोन पाती एका पातळीत येत नाहीत.

खानापूर_मैदान

काका, सांगितलं तसं केलं. उजवा स्पिंडल वाळू चावल्यासारखाच फिरतोय. पातं बदलून मोजलं, फरक गेला, म्हणजे शाफ्ट सरळ आहे, पातं वाकलंय. स्पिंडलखालच्या पत्र्याला चिरा नाहीत. पण बेअरिंगवरचा नंबर अर्धा पुसलाय. बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर भरला, म्हणून दुकानदारानं ६२०३ दिलं. ते शाफ्टवर ढिलं बसतंय. व्हर्नियरनं शाफ्ट १५.९ च्या आसपास येतो. आमच्या इथला लेथवाला म्हणतो, आत बुश घालून देतो.

उद्यमबाग_लेथ

बुश घालू नका. तुमचा शाफ्ट इंची आहे, ५/८ म्हणजे १५.८८ मिलिमीटर. साध्या ६२०३ चं भोक १७, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. अमेरिकी मोवरात बाहेरनं ६२०३ आणि आतनं ५/८ इंची भोक असं बेअरिंग येतं, ते वेगळं मागवावं लागतं. बेअरिंगच्या दुकानात नुसता नंबर सांगू नका, शाफ्ट घेऊन जा आणि "५/८ बोअर" म्हणा. अर्ध्या मिलिमीटरचं बुश एवढ्या वेगात टिकत नाही, शाफ्टवर घासून शाफ्टच खातं. नवी पाती दोन्ही एकदम घ्या, एक नवं एक झिजलेलं असं ठेवू नका.

धार मूळ कोनातच द्या, साधारण ३० अंश. वस्तऱ्यासारखी पातळ करू नका, खड्यावर लगेच दुमडते. ग्राइंडर हलका लावा. लोखंड निळं झालं की त्याचं पाणी उतरलं म्हणून समजा. मग भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकानं पातं अडकवा. जे टोक खाली जाईल तिकडचं थोडं घासा, आडवं स्थिर राहीपर्यंत.

टिळकवाडी_माळी

डाव्या-उजव्या उंचीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी लॉनच्या कामात आहे. डेकला हात लावायच्या आधी टायरची हवा बघा. पंक्चरवाले गाडीसारखी तीसच्या पुढं हवा मारतात. या टायरांना बहुतेक १० ते १५ पीएसआय पुरते, आणि दोन्ही मागच्यांत सारखी पाहिजे. एका टायरमध्ये कमी असली की डेक त्या बाजूला झुकतो आणि तुम्ही उगाच बोल्ट फिरवत बसता.

मशीन सिमेंटच्या सपाट जागेवर उभं करा, शाळेत व्हरांडा असेलच. प्लगची वायर काढून दोन्ही पाती आडवी करा, बाहेरच्या टोकापासून जमिनीपर्यंत मोजा. डावं-उजवं तीन मिलिमीटरच्या आत आलं पाहिजे. मग पाती पुढं-मागं वळवा. पुढचं टोक मागच्यापेक्षा तीन ते सहा मिलिमीटर खाली हवं. मागचं खाली असेल तर कापलेलंच गवत परत कापलं जातं आणि इंजिनवर फुकट लोड येतो. डेकच्या कडेची छोटी चाकं सपाट जमिनीवर टेकायला नकोत, थोडी अधांतरी राहिली पाहिजेत. ती उंचवट्यावर पातं मातीत घुसू नये म्हणून आहेत, डेकचं वजन पेलायला नाहीत.

कापताना थ्रॉटल पूर्ण ठेवा, वेग कमी करायचा तो गिअरनं. आणि पावसाळ्यात मैदानाला वाफसा आल्याशिवाय मशीन उतरवू नका. गुडघाभर वाढलेलं गवत एकदम खाली आणायचं नाही. आधी डेक वरच्या खाचेत ठेवून एक फेरी, दोनतीन दिवसांनी खालच्या खाचेत दुसरी.

खानापूर_मैदान

५/८ बोअरचं बेअरिंग बेळगावात मिळालं नाही, दुकानदारानं मागवून देतो म्हटलंय. बेल्ट आणि दोन्ही पात्यांची ऑर्डर दिलीय. मुख्याध्यापकांनी ठिगळाला होकार दिला, वेल्डिंग आमच्याच गावात सीओटू वायूच्या वेल्डिंग मशीनवर होईल. टायरची हवा बघितली, उजवीकडची डावीकडच्या निम्मी होती. सारखी केल्यावर डेक जवळजवळ सपाट आला. लेथकाका, स्पिंडलचं घर डेकला धरणारे चारपैकी दोन स्क्रू नुसते फिरतायत, ॲल्युमिनियममधले आटे गेलेत. त्याचं काय करू?

उद्यमबाग_लेथ

जाडा स्क्रू ठोकून घालू नका, घर फुटतं. हेलिकॉइल, म्हणजे भोकात घालायची तारेची आटेवाली गुंडाळी, बसवून घ्या, मूळ मापाचाच स्क्रू पुन्हा घट्ट बसतो. तेवढ्यासाठी घर माझ्याकडं पाठवलं तरी चालेल. येताना शाफ्ट आणि स्पेसर बरोबर ठेवा, तिन्ही एकत्र बसवून फिरवून देतो.