पगार नाही, इमारत नाही, ठराव नाही: तरी नवी मंडळी सुरू करावी का?

मोशीकर_ताई

सर्वांना सलाम.

भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात शेवगाव, नेवासा, राहुरी, जालना इकडची आपली कितीतरी कुटुंबं कामासाठी येऊन राहिली आहेत. गावी असताना ही माणसं दर रविवारी मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या सभेत, दिसायची. कोणी पेटी धरायचं, कोणी दानाची थैली फिरवायचं. इकडे आल्यावर सगळं सुटलं. भोसरीतल्या लहान वर्कशॉपना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी सकाळी मशीन चालूच असतं. चर्च म्हणजे पिंपरी नाहीतर थेट पुणे. लेकरं घेऊन दोन बस बदलायच्या आणि अर्ध्या दिवसाचा पगार घालवायचा, हे महिन्यातून एकदा जमतं, मग सणापुरतं जमतं, मग तेही थांबतं. आमच्या बिल्डिंगमध्ये दहा वर्षांचा एक मुलगा आहे, बाप्तिस्मा झालेला, आणि त्याला 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना पाठ नाही. त्याचे आजोबा गावी मंडळीचा कारभार पाहणारे पंच होते.

आम्ही घरी गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना ठेवतो. कॉट उभी करून भिंतीला लावायची, सतरंजी अंथरायची, बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत बसतात आणि चपला खालच्या मजल्यापर्यंत जातात. आता लोक पुढचं विचारू लागले आहेत. बाळाचा बाप्तिस्मा कुठे करायचा? प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, कधी मिळणार? माझ्या मते जिथे लोक हे विचारतात तिथे मंडळी झालेलीच आहे, तिला फक्त तसं म्हणायचं बाकी आहे.

माझ्या मिस्टरांनी देवशास्त्राचं शिक्षण नोकरी सांभाळून पूर्ण केलं. आता टूलरूमची नोकरी सोडून पूर्ण वेळ सेवेत उतरायचं त्यांच्या मनात आहे. ज्या मंडळीचे आम्ही सभासद आहोत तिथून उत्तर आलं, की आधी कुटुंबं वाढू द्या, निधी जमू द्या, मग कमिटीपुढे ठेवू. बायबलमधला अब्राहाम देवाच्या हाकेवर निघाला तेव्हा आपण कुठे जातोय हेही त्याला ठाऊक नव्हतं. सगळी खात्री झाल्यावरच निघायचं असेल तर त्यात विश्वासाचं काय काम? माझं मत आहे की आत्ताच सुरू करावं. तुमची मतं हवीत, विरोधातलीही.

जुना_पंच

ताई, सलाम. मी विरोधात आहे.

अब्राहामाचं उदाहरण सगळे देतात. मंडळी स्थापन करण्याचं उदाहरण हवं असेल तर बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा तेरावा अध्याय घ्या. बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) स्वतःहून उठून गेले नाहीत. अंत्युखियाच्या मंडळीने उपास केला, प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि मग त्यांना रवाना केलं. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी ते परत आले आणि मंडळी जमवून सगळा हिशेब सांगितला. पाठवणारे होते म्हणून परत जाऊन सांगण्याची जागा होती. तुमच्या मिस्टरांना उद्या कोणी विचारलं, 'तुम्हाला कोणी पाठवलं?', तर काय उत्तर देणार?

दुसरं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासूनचं. आज एकेका गावात जुन्या चर्चच्या हाकेवर दोन-तीन नव्या मंडळ्या आहेत. त्यांत नवीन माणूस क्वचित. तीच घरं, तेच आडनाव, भाऊ एकीकडे आणि भावजय दुसरीकडे. नाताळच्या प्रभातफेऱ्यासुद्धा वेगळ्या निघतात. उत्तर भारतातल्या चर्चांच्या एकीकरणाची बोलणी 1929 साली सुरू झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं. एक व्हायला चाळीस वर्षं लागली. वेगळं व्हायला एक पत्रक छापलं की पुरतं.

मोशीकर_ताई

काका, गावाकडचं तुमचं दुःख मला कळतं, माझ्या माहेरी तेच आहे. पण मी ज्यांच्याबद्दल लिहिलं ते कोणाच्याच मंडळीत नाहीत. पौलानेही रोमकरांस पत्रात लिहिलं आहे, की दुसऱ्याच्या पायावर बांधायचं नाही. मोशीत कोणाचा पाया आहे सांगा, मी उद्या त्यांच्यात जाऊन बसते. आणि पाठवण्याचं म्हणाल, तर आम्ही मागायला गेलो होतो. अंत्युखियाने उपास केला, प्रार्थना केली. आम्हाला 'आधी निधी' असं उत्तर मिळालं.

पाळकाची_लेक

ताई, तुमचा गुरुवार चालूच राहू दे. राजीनाम्याबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या वडिलांनी चांगली नोकरी सोडून स्वतंत्र मंडळी सुरू केली. लोक त्यांना विश्वासाचा माणूस म्हणायचे, आणि ते खरंच होते. पण घरात विश्वासाची किंमत आई भरत होती. शाळेची फी भरायच्या दिवशी ती आमच्याआधी उठून बसलेली असायची. लोक दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणून बाजरी आणायचे, तांदूळ आणायचे, मनापासून आणायचे. पण दुकानदार आणि लाइटबिलवाला बाजरी घेत नाहीत. वडील आजारी पडले तेव्हा ना फंड, ना विमा, घर भाड्याचं. मंडळीतल्या लोकांनी जमेल तेवढं केलं. ज्या महिन्यात दान कमी यायचं त्या महिन्यात प्रवचनात दानावर जास्त बोललं जायचं. ते आम्हा मुलांना समोर बसून कळायचं. याने माणसाचा आवाज बदलतो, ताई.

करिंथला पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाकडे राहून तंबू शिवत होता. तेवढ्याने त्याची सेवा अर्धवट ठरली नाही. टूलरूम सोडू नका. आणि एक विचारते, राग मानू नका: नोकरी सोडण्याच्या या विचारात तुमचा होकार किती आहे?

सातारकर

या वादाची दोन मराठी उदाहरणं डोळ्यांपुढे असू द्यावीत.

ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एकत्र बसतील अशी ती कल्पना होती. परदेशी पैसा आणि परदेशी सांगणं यांतून मोकळी झालेली, भजन-कीर्तनातून बोलणारी मंडळी. विश्वासाने टाकलेलं पाऊल म्हणजे काय, तर हे. पण मे 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. सगळं एका माणसाच्या खांद्यावर होतं.

पंडिता रमाबाईंचं बघा. पहिली दहा वर्षं त्यांच्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेला, अमेरिकेतल्या मंडळाची ठरलेली मदत होती. पुढे केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनचं काम वाढलं ते ठरलेल्या पैशाशिवाय, प्रार्थनेवर. 1896-97 च्या दुष्काळातल्या मुली त्यांनी आणल्या तेव्हा हाताशी पुरेसं काही नव्हतं. पण त्याच बाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, मुलींना विणकाम शिकवलं, छापखाना घातला. 1922 मध्ये त्या गेल्या, मुक्ती मिशन आजही आहे. प्रार्थना करणारी बाई विहीर किती खोल न्यायची याचाही विचार करत होती. म्हणून माझं मत: सुरू करा, पण पहिल्या महिन्यापासून दुसरा माणूस तयार करा. तुमचे मिस्टर आजारी पडले तर गुरुवार कोण चालवणार, याला नाव हवं.

जुना_पंच

सातारकर, तुमच्या दोन्ही उदाहरणांतली माणसं वेगळ्या उंचीची होती. आज जो तो स्वतःला टिळक समजून निघतो. टिळकांच्या मागे आयुष्यभराचं कीर्तन, लेखन, चिंतन होतं. आणि एक पाहा, दरबार टिकला नाही, पण त्यांची भजनं आजही 'उपासनासंगीत' उघडून म्हटली जातात, ती कुठे? याच जुन्या, हळू चालणाऱ्या मंडळ्यांमध्ये. आम्ही ती जपली.

कायद्याचं_बोला

मी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अशी प्रकरणं चालवतो. भावनेचा प्रश्न तुम्ही सोडवा, मी तीन अडचणी सांगतो ज्या पुढे नक्की येणार.

लग्न. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा 1872 सालचा आहे. विवाह लावण्याचा अधिकार बायबल शिकल्याने मिळत नाही. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला राज्य सरकारचा परवाना लागतो आणि अधिकार नसताना लग्न लावलं तर शिक्षा आहे. लोक लग्न लावून मोकळे होतात, आणि दाखल्याची गरज पासपोर्टच्या वेळी पडते.

जागा. आज तुमची सतरंजी आहे, उद्या कोणीतरी गुंठा-दोन गुंठे देईल. ती जागा पाळकाच्या नावावर घेऊ नका. आधी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ट्रस्ट नोंदवा. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, विश्वस्त बदलला तर कळवावं लागतं, आणि ट्रस्टची जमीन आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. हे जाच वाटतात, पण लोकांच्या दानाचं संरक्षण त्यातच आहे. जागा वडिलांच्या नावावर आणि मुलगा म्हणतो वारसाहक्काने माझी, अशी भांडणं मी पाहतो. त्यात मंडळी रस्त्यावर येते. परदेशातून कोणी मदत देऊ केली तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपया घेऊ नका.

तिसरी आणि सगळ्यात कठीण, मूठमाती. दफनभूमी बहुतेक ठिकाणी जुन्या चर्चच्या ताब्यात असते. ज्या मंडळीशी भांडून निघालात तिच्याच दारात मयताच्या दिवशी उभं राहावं लागतं, आणि तिथे सभासदत्वाचा दाखला मागतात. म्हणून निघायचं असेल तर भांडून निघू नका.

वसईकर

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे कोणी स्वतः उठून चर्च सुरू करत नाही. लोकवस्ती वाढली की धर्मग्राम, म्हणजे एका चर्चचा परिसर, विभागतात, बिशप फादर नेमून देतात. आमचा वसई धर्मप्रांतच मुंबईपासून 1998 मध्ये वेगळा झाला. त्यामुळे तुम्ही ज्यावर वाद घालताय तो प्रश्न आम्हाला तसा पडत नाही. पण तोवर लोक रिकामे बसत नाहीत. क्रुसाजवळ जमून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते, मुलांना धर्मशिक्षण दिलं जातं, सगळं साधी माणसंच करतात. मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, मात्र फादर आल्यावरच. ताईंनी प्रार्थना आणि शिक्षण जोरात चालवावं, बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा संस्कारांसाठी थांबावं, असं मला वाटतं.

गुरुवारची_सुट्टी

मी ताईंच्या घरी येणाऱ्यांपैकी एक. लेथवर काम करतो. इथे आल्यापासून मी चर्चला जात नव्हतो आणि मला कोणी विचारायलाही आलं नाही. मी आजारी पडून खोलीवर पडलो होतो तेव्हा ताईंचे मिस्टर ड्यूटी सुटल्यावर डबा घेऊन आले, शेजारी बसून स्तोत्र वाचलं. पंचकाका, तुमचं सगळं बरोबर असेल. पण माझं नाव ज्या मंडळीच्या रजिस्टरमध्ये आहे तिथून मला फक्त वर्गणीचा निरोप येतो. माझा पाळक कोण, हे मला विचाराल तर मी कोणाचं नाव सांगू?

जुना_पंच

बाळा, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडे यायला हवं होतं.

तरीही माझा आक्षेप तिथेच आहे. डबा नेणं ही सेवा आहे, ती करायला कोणाची परवानगी लागत नाही. प्रभुभोजन देणं वेगळं. चूक शिकवलं, पैशात गफलत झाली, घरातल्या घरात भांडण झालं, तर पाळकाला विचारणारं कोणीतरी वर असायला हवं. चांगल्या माणसालाही ते हवं, त्याच्याच भल्यासाठी.

मोशीकर_ताई

सगळ्यांचं दोनदा वाचलं, मिस्टरांनाही वाचून दाखवलं.

पाळकाची लेक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. माझा होकार आहे, पण तो तुमच्या आईसारखा गप्प होकार नसेल. नोकरीचं आम्ही असं ठरवलं, की मंडळी उभी राहीपर्यंत टूलरूम चालू ठेवायची. मी नर्सिंग करते, माझाही पगार आहे, आणि धाकटीची दहावी होईपर्यंत राजीनाम्याचा विषय काढायचा नाही. ट्रस्टसाठी वकीलदादांना वेगळं विचारते. विश्वस्तांमध्ये आमच्या दोघांपेक्षा बाहेरची माणसं जास्त असतील. सातारकर, दुसरा माणूस आहे. त्याने वर लिहिलं आहे, त्याला अजून ठाऊक नाही.

थांबण्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. काका, तुम्ही म्हणता पाठवणारे हवेत. मान्य. मग पाठवा. प्रभुभोजनासाठी ऑर्डिनेशन, म्हणजे पाळकपदाची दीक्षा, झालेलाच पाळक हवा असेल तर महिन्यातून एका गुरुवारी संध्याकाळी एक पाळकसाहेब मोशीला द्या. रिक्षाचं भाडं आम्ही देऊ. लग्नाचा आणि मूठमातीचा प्रश्नही त्याच वाटेने सुटेल. ही मागणी मी लेखी देते. पण त्याला 'आधी निधी' असंच उत्तर आलं, तर पुढच्या पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) आमच्या घरी प्रभुभोजनाची भाकर मोडली जाईल, आणि त्यात मला पाप दिसत नाही.

जुना_पंच

मला दिसतं. पत्र पाठवा, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी स्वतः वाचतो. पण एक आत्ताच सांगतो: आमच्या पाळकसाहेबांकडे आधीच तीन ठिकाणच्या मंडळ्या आहेत आणि गुरुवारी ते पलीकडच्या तालुक्यात असतात. बुधवार चालेल का?

गुरुवारची_सुट्टी

बुधवारी दुसरी पाळी असते, काका. रात्री साडेअकराला सुटतो.